टॉनिकची बाटली, मिनरलची गोणी आणि कोंबडीचं मटण: वाचकांचे प्रश्न

या वेळेस पोल्ट्रीचे प्रश्न जरा जास्तच आलेत. शेडवाला असो, चिकनचं दुकान चालवणारा असो की घरी रस्सा करणारी ताई, सगळे फिरून फिरून एकाच ठिकाणी येतायत, की कोंबडीला मिनरल दिलं तर मटण सुधारतं का, आणि मटण बिघडलं तर ते मिनरल कमी पडल्यामुळे का. म्हणून हा अंक पूर्ण कोंबडीलाच दिलाय. शेळ्यांच्या जंतांचे आणि गोचिडांचे प्रश्न पुढच्या वेळी घेतो, रागावू नका.

प्रश्न: नमस्कार सर. माझी दीड हजार कलर (गावरानसारख्या रंगीत पिसांच्या) पक्ष्यांची शेड आहे, फीड कंपनीचं तयार वापरतो. ॲग्रो दुकानदार म्हणतोय शेवटचे दहा-बारा दिवस पाण्यातून लिक्विड मिनरल टॉनिक सोडा, मटण घट्ट होतं, पाणी सुटत नाही आणि चव एकदम गावरान लागते. बाटली महाग आहे. द्यावं का? (एक पोल्ट्रीधारक, संगमनेर तालुका)

दादा, आधी फीडची रिकामी गोणी घ्या आणि तिच्यावर शिवलेलं लेबल वाचा, आणि मग बाटलीचं लेबल तिच्या शेजारी ठेवून वाचा. निम्मं उत्तर तिथंच मिळेल.

तयार फीडमध्ये डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर) असतं, मार्बल पावडर म्हणजे चुनखडी असते, मीठ असतं आणि वरून ट्रेस मिनरलचं (अगदी थोडी लागणारी खनिजं) प्रीमिक्स म्हणजे तयार मिश्रण असतं ज्यात जस्त, मँगनीज, लोह, तांबं, आयोडीन, सेलेनियम हे सगळं आलं. अमेरिकेच्या एनआरसीनं (राष्ट्रीय संशोधन परिषदेनं) १९९४ साली ब्रॉयलरसाठी जे किमान आकडे दिले ते अजून जगभर पाया म्हणून धरतात, त्यात फीडच्या किलोमागे जस्त ४० मिलिग्रॅम, मँगनीज ६०, लोह ८०, तांबं ८ आणि सेलेनियम ०.१५. आजचा पक्षी तेव्हापेक्षा खूप वेगानं वाढतो म्हणून कंपन्या जस्त आणि मँगनीज याच्या दीडपट-दुप्पट घालतात. म्हणजे तुमच्या पक्ष्याला उपाशी ठेवलेलं नाहीये.

आता बाटलीचा हिशोब. समजा लेबलवर १०० मिलीला दीड ग्रॅम कॅल्शियम लिहिलंय आणि डोस १०० पक्ष्यांना ५० मिली दिलाय. म्हणजे १०० पक्ष्यांत मिळून पाऊण ग्रॅम, एकाच्या वाट्याला साडेसात मिलिग्रॅम. तोच पक्षी दिवसाला शंभर ग्रॅम फीड खात असेल आणि त्यात ०.८ टक्के कॅल्शियम असेल तर फीडमधून त्याला ८०० मिलिग्रॅम रोज मिळतंच आहे. आठशेवर साडेसात! तुमच्या बाटलीचे आकडे वेगळे असतील, पण हाच गुणाकार करून बघा आणि मग पैसे द्या. शिवाय कॅल्शियम-फॉस्फरस हे मुख्यतः हाडाचं खाणं आहे, छातीच्या मांसाचा घट्टपणा त्यावर ठरत नाही.

गावरान चवीचं म्हणाल तर ती वयातून येते. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत उचलतो, गावरान कोंबडा चार-सहा महिने उकिरडा उकरत फिरतो, त्याच्या मांसातलं कोलॅजन (चिवट धागे) पक्कं झालेलं असतं, चव देणारे पदार्थ साठलेले असतात, चरबी वेगळी असते. हे सगळं दहा दिवसांत पाण्यातून येणार असतं तर गावरान कोंबडं पाळायचे कष्ट कोणी घेतले असते? तुमचे कलर पक्षी दोन-तीन आठवडे जास्त ठेवले तर चवीत फरक पडतो, पण तेवढ्या फीडचा खर्च भावात निघतो का ते आधी व्यापाऱ्याला विचारा.

मग मिनरलनं मटणात काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि त्यात सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो सेलेनियमचा. सेलेनियम असेल तर शरीरात ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम बनतं, ते आणि व्हिटॅमिन ई मिळून पेशीच्या भिंतीतली चरबी खराब होऊ देत नाहीत. भिंत शाबूत राहिली की मांसातलं पाणी मांसातच राहतं आणि चिकन फ्रीजमध्ये ठेवलं तर त्याला खवट वास उशिरा येतो. सेलेनियम दोन प्रकारात मिळतं, एक सोडियम सेलेनाइट, स्वस्त, आणि दुसरं सेलेनियम यीस्ट, महाग. यीस्टमधलं सेलेनियम हे मेथिओनिन या अमिनो ॲसिडचाच भाग बनलेलं असतं त्यामुळे ते थेट मांसात साठतं, सेलेनाइटचं तसं होत नाही. काही ट्रायलमध्ये यीस्ट दिल्यावर मांसातून गळणारं पाणी कमी झालं, काहींमध्ये काही फरक दिसला नाही, तेव्हा गॅरंटी कोणी देऊ नये.

पण एक लक्षात घ्या. टनभर फीडला ३०० मिलिग्रॅम सेलेनियम पुरतं, सेलेनाइटच्या रूपात ते पाऊण ग्रॅमसुद्धा भरत नाही. अख्ख्या टनात! हे घमेल्यात फावड्यानं मिसळायचं काम नाही, एका कोपऱ्यातल्या पक्ष्याला शून्य मिळेल आणि दुसऱ्या कोपऱ्यात विषबाधा होईल, कारण सेलेनियममध्ये गरज आणि विष यांच्यातलं अंतर फार कमी आहे, किलोला तीन-पाच मिलिग्रॅमच्या पुढं गेलं की वाढ खुंटायला लागते. म्हणून ते प्रीमिक्समधूनच यायला पाहिजे.

आणि शेवटी तुमचं गिऱ्हाईक कोण ते बघा. तुमचा पक्षी जिवंत विकला जातो, दुकानात डोळ्यासमोर कापला जातो आणि दुपारपर्यंत पातेल्यात शिजतो. फ्रीजमध्ये आठ दिवस टिकणारं मटण बनवायचा खर्च तुम्ही कोणासाठी करताय? फ्रोझन प्लांटला माल जात असता तर मी वेगळं बोललो असतो. त्या पैशात शेडला दोन पंखे लावा.

प्रश्न: डॉक्टर, आमच्या बचत गटाच्या तीनशे कोंबड्या आहेत, मका आणि सोया पेंड आणून आम्ही फीड घरीच भरडतो. त्यात गाईचं मिनरल मिक्श्चर टाकतो, दूध वाढवायला आणलेलं असतं तेच. पण काही पिलांचे पाय वाकडे व्हायला लागलेत, बसून राहतात. मिनरल तर देतोय मग असं का? (बचत गटाच्या एक ताई, बीड जिल्हा)

ताई, गाईचं मिक्श्चर गाईसाठी बनवलेलं असतं. भारतीय मानकाप्रमाणे जे जनावरांचं मिक्श्चर येतं त्यात कॅल्शियम साधारण २० टक्के, फॉस्फरस १२ टक्के आणि मँगनीज फक्त ०.१२ टक्के. तुम्ही शंभर किलो फीडला दोन किलो टाकलं तर एक किलो फीडमध्ये त्यातून २४ मिलिग्रॅम मँगनीज येतं. कोंबडीला ६० तरी पाहिजे, आणि मक्यात मँगनीज अगदीच कमी असतं, गव्हाच्या कोंड्यात तरी बरं असतं. म्हणजे गाय सुखी आणि पिल्लू उपाशी. त्यात सेलेनियमही बहुतेक वेळा नसतं.

मँगनीज कमी पडलं की पिलाच्या ढोपराचा सांधा सुजतो, जाड आणि चपटा होतो आणि मागची जाड शीर जागेवरून घसरते, मग पाय बाहेरच्या बाजूला फिरतो. तुम्ही एक करा, अशा पिलाची चोच आणि नडगीचं हाड बोटानं हलकं दाबून बघा. हाड कडक आहे पण पाय वाकडा आहे, तर मँगनीजकडे (आणि सोबत कोलीन, बायोटिनकडे) बघायचं. चोच रबरासारखी वाकतेय, हाड मऊ लागतंय, तर तो मुडदूस, म्हणजे डी व्हिटॅमिन किंवा कॅल्शियम-फॉस्फरसचा घोळ. शीर घसरलेलं पिल्लू मात्र आता नीट होत नाही, त्याच्यावर औषधाचा खर्च करू नका, पण बाकीची वाचतात.

अजून एक, पाय वाकडे बघून घाबरून वरून चुनखडी ओतू नका. कॅल्शियम जास्त झालं की ते मका-सोयातल्या फायटेटबरोबर (दाण्यातला फॉस्फरस धरून ठेवणारा पदार्थ) जाऊन जस्त आणि मँगनीज अडकवून ठेवतं, म्हणजे दुखणं वाढतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेयर फीड, ज्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, ते पिलांना चारणारे पण बघितलेत, मग मूत्रपिंड खराब होतं आणि पोट उघडल्यावर आत पांढरा खडूसारखा थर दिसतो.

पोल्ट्रीचं ट्रेस मिनरल प्रीमिक्स आणि व्हिटॅमिन प्रीमिक्स अशा दोन पुड्या वेगळ्या मिळतात, त्या आणा, वेगळ्याच ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांत संपतील एवढ्याच आणा कारण तांब्या-लोहाच्या सल्फेटबरोबर एकत्र पडून राहिलं की व्हिटॅमिन मरतात. मिसळताना प्रीमिक्स आधी किलोभर बारीक मक्याच्या पिठात, मग ते दहा किलोत, मग शंभरात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक लंगडं पिल्लू नेऊन दाखवा, फोटो पाठवून हे कळत नाही. मटणाचा संबंध विचाराल तर तो इथं सरळ आहे, जो पक्षी बसून राहतो त्याच्या छातीला फोड येतो, ढोपरं काळी पडतात, खायला उठत नाही म्हणून अंगावर मांस धरत नाही.

प्रश्न: सर माझं चिकन सेंटर आहे. एप्रिल-मेमध्ये दरवर्षी तोच ताप, मांस पांढुरकं पडतं, लुसलुशीत, आणि पिशवीत पाणी साठतं. गिऱ्हाईक तोंडावर म्हणतं इंजेक्शन मारून पाणी भरता. शेडवाल्याला विचारलं तर तो म्हणतो फीडमध्ये मिनरल कमी असेल. आणि हल्ली छातीवर पांढऱ्या रेषा पण दिसतात. (चिकन दुकानदार, नाशिक)

भाऊ, तुमच्यावर बालंट आहे हे मान्य, पण शेडवाल्यानं पण बरं ढकललंय फीडवर.

कोंबडी कापल्यावर मांसातली साखर म्हणजे ग्लायकोजेन जळत राहते, त्यातून लॅक्टिक ॲसिड तयार होतं, आणि मांसाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) सातच्या आसपासचा हळूहळू खाली सहाच्या थोडा खाली येतो. हे हळू झालं तर काही बिघडत नाही. पण पक्षी उन्हानं धापत असेल, क्रेटमध्ये दाबून आणलेला असेल आणि तसाच पटकन कापला तर हाच पीएच मांस गरम असतानाच धाडकन खाली येतो. कोंबडीचं अंग आधीच ४१ डिग्रीचं असतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. गरम आणि ॲसिड एकत्र आलं की प्रोटीनचा आकार मोडतो आणि त्याला पाणी धरता येत नाही. म्हणून रंग फिका, मांस मऊ आणि पिशवीत पाणी. हे पाणी कोणी भरलेलं नसतं, पक्ष्याचंच असतं.

आता मिनरलचा खरा भाग. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्त अल्कली होतं आणि लघवीवाटे पोटॅशियम वगैरे क्षार निघून जातात. इथं पाण्यातून इलेक्ट्रोलाइट, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा, याचा उपयोग आहे, पण त्यातला मोठा उपयोग असा की पक्षी पाणी जास्त पितो. हे शेडवर उन्हाचे दिवस चालू असताना आणि गाडी भरायच्या आधी द्यायचं असतं, पुडीवर लिहिलंय तेवढंच. बोअरचं पाणी खारट असेल तर आधी पाणी तपासा, नाहीतर मीठावर मीठ पडून लिटर म्हणजे खाली अंथरलेलं तूस ओलं होतं आणि अमोनिया सुटतो. क्रोमियमचीही पावडर उन्हाळ्यात विकतात, उष्णतेच्या ताणातल्या पक्ष्यांत त्याचे काही चांगले निकाल आहेत, छातीचं मांस थोडं वाढतं आणि चरबी कमी होते, पण तो नंतरचा विषय आहे, आधी सावली.

तुमच्या हातात जे आहे ते असं. गाडी रात्री किंवा पहाटे उतरवा. उन्हाळ्यात क्रेटमध्ये पक्षी कमी भरायला सांगा, गाडीभाडं थोडं वाढेल पण मेलेले पक्षी पण कमी उतरतील. दुकानातला पिंजरा रस्त्याकडच्या उन्हात असतो, तो आत घ्या, वर ओलं पोतं, समोर पंखा, भांड्यात गार पाणी, आणि उतरवल्या उतरवल्या कापू नका, दोन तास बसू द्या. उपाशी ठेवायचं ते शेडवरचं, प्रवासातलं आणि दुकानातलं मिळून आठ ते बारा तास धरा. आमच्याकडे काय होतं, शेडवाला वजनासाठी शेवटपर्यंत खायला घालतो नाहीतर दुकानात पक्षी दीड दिवस उपाशी, मधलं काहीच नसतं. कापल्यावर कोनमध्ये (पक्षी उलटा धरायचं नरसाळं) दोन-तीन मिनिटं पूर्ण रक्त जाऊ द्या. आणि ते मागचं निळं पिंप! सोललेल्या कोंबड्या त्यात तासतासभर भिजत पडलेल्या असतात, तिथं त्या पाणी पितात आणि तेच पाणी पुढं पिशवीत उतरतं. मग गिऱ्हाईक बोलतं ते अगदीच खोटं नाही. बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा, काढा, जाळीवर निथळत ठेवा.

पांढऱ्या रेषांचं म्हणाल तर ते वेगळं आहे. छातीच्या स्नायूत चरबीच्या पट्ट्या येतात, कधी छाती लाकडासारखी कडक लागते, हे मोठ्या वजनाच्या आणि फार वेगानं वाढलेल्या पक्ष्यांत जगभर दिसतंय. रोग पसरत नाही, खायला चालतं, पण चावायला मजा येत नाही. मिनरलची बाटली याला लागू पडत नाही. छातीच्या तुकड्यांसाठी दोन किलोच्या आतला पक्षी मागवा, फरक दिसेल.

प्रश्न: फ्रोझन लेग पीस आणले होते, शिजवल्यावर हाडाजवळचं मांस काळपट लाल दिसत होतं, सासूबाई म्हणाल्या शिळं आहे टाकून दे. मी टाकलं पण जीव हळहळला. खरंच शिळं होतं का? (एक वाचक, डोंबिवली)

ताई, बहुतेक नव्हतं. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचं पोर असतं, त्याचं हाड अजून पूर्ण भरलेलं नसतं, टोकाला सच्छिद्र असतं. आतल्या मज्जेत रक्ताच्या लाल पेशी भरलेल्या असतात. गोठवताना त्या फुटतात, डीफ्रॉस्ट करताना तो लाल रंग हाडाच्या छिद्रांतून बाहेर झिरपतो आणि शिजला की तपकिरी-काळा होतो. ताज्या कापलेल्या कोंबडीत हे फारसं दिसत नाही, जुन्या गावरान कोंबड्यात तर नाहीच.

इथं मात्र मिनरलचा संबंध थोडा आहे. कॅल्शियम, फॉस्फरस आणि डी व्हिटॅमिन हे तिन्ही नीट प्रमाणात मिळाले तर हाड दाट होतं आणि झिरपणं कमी होतं, पूर्ण थांबत नाही. मका आणि सोयातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये कुलूपबंद असतो, कोंबडीला तो पचत नाही, म्हणून डीसीपी घालावं लागतं आणि हल्ली फायटेज एन्झाइम घालून ते कुलूप उघडतात. पैसे वाचवायला डीसीपी कमी केलं आणि फायटेज गरम पेलेट मशीनमध्ये मेलं, तर हाडं कच्ची राहतात. म्हणजे तुमच्या ताटातला काळा डाग कधी कधी फीड मिलपर्यंत पोचतो.

शिळं ओळखायचं तर नाक वापरा. आंबूस वास, बोटाला चिकट बुळबुळीत थर, ही लक्षणं. रंगावर जाऊ नका, हाडाजवळ गुलाबी दिसलं तरी मांस पूर्ण शिजलेलं असू शकतं, थर्मामीटर असेल तर आत ७४ डिग्री झाले की झालं. सासूबाईंना हा अंक दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

प्रश्न: आमचे दहा हजार पक्षी प्रोसेसिंग प्लांटला जातात. प्लांटवाले म्हणतात कातडी फाटतेय, तळपायाला काळे डाग आहेत म्हणून पाय एक्सपोर्टला चालत नाहीत, पैसे कापतात. एक कंपनी म्हणतेय सल्फेट मिनरल बंद करा, ऑरगॅनिक जस्त द्या. दर तिप्पट-चौपट आहे. परवडेल का? (पोल्ट्रीधारक, कोल्हापूर जिल्हा)

जस्त आणि कातडीचं नातं खरं आहे. कोलॅजन बनायला, नवी कातडी यायला, जखम भरायला जस्त लागतं. सल्फेट किंवा ऑक्साइडचं जस्त आतड्यात गेल्यावर बरंच फायटेटला चिकटून बाहेर पडतं, आणि ऑरगॅनिक म्हणजे अमिनो ॲसिडला बांधलेलं जस्त त्यातून वाचून जास्त शोषलं जातं, असा त्याचा दावा आहे आणि तो बराचसा बरोबर आहे. तळपायाच्या जखमा कमी झाल्याचे, कातडी मजबूत झाल्याचे ट्रायल आहेत. सगळ्यात नाहीत.

पण जरा शेडमध्ये चला. तळपाय जळतो तो ओल्या लिटरनं. पाण्याचं निपल गळतंय का, तूस ढेपाळलंय का, मुठीत दाबल्यावर गोळा होतोय का ते बघा. गोळा होऊन तसाच राहिला तर लिटर ओलं आहे आणि त्यात सोन्याचं जस्त दिलं तरी पाय जळणारच. कातडी फाटते ती बऱ्याचदा गर्दीमुळे, पक्षी एकमेकांच्या पाठीवर चढतात, नखं लागतात, गाडी भरताना एका हातात पाच-पाच पाय धरून उलटे लटकवतात. पिसं उशिरा येणाऱ्या पक्ष्यांत जास्त. मादीची कातडी नरापेक्षा पातळ असते. आणि प्लांटमध्ये गरम पाण्याचं तापमान जास्त झालं, पिसं काढायच्या मशीनचे रबर जवळ लावले, तर तुमचा काही दोष नसताना कातडी फाटते, तेव्हा एकदा लाइनवर उभं राहून बघा की ओरखडे जुने खपली धरलेले आहेत की ताजे. खपली असेल तर शेडची चूक, ताजा फाटा असेल तर प्लांटवाल्याशी भांडा.

एवढं करून झाल्यावर जस्त. सगळं बदलू नका, जस्त आणि मँगनीजचा तिसरा हिस्सा ते निम्मा ऑरगॅनिक करा आणि तेवढं सल्फेट कमी करा. विक्रेते नेहमी जुन्यावर अजून टाका असं सांगतात, तसं करू नका, कारण जे जास्त होतं ते विष्ठेतून लिटरमध्ये आणि लिटरमधून तुमच्याच उसात जातं. आणि एका शेडला द्या, दुसरीला देऊ नका, त्याच बॅचला, मग प्लांटच्या रिजेक्शनच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघा. कंपनीच्या चकचकीत पत्रकापेक्षा त्या चिठ्ठ्यांवर माझा जास्त विश्वास आहे. तुम्ही करारावर पक्षी वाढवत असाल आणि फीड इंटिग्रेटरचं (करार करणाऱ्या कंपनीचं) असेल तर मात्र सुपरवायझरला विचारल्याशिवाय फीडमध्ये चिमूटभरही काही टाकू नका, उद्या बॅच बिघडली तर खापर तुमच्यावर.

प्रश्न: कडकनाथ काळा असतो कारण त्यात लोह खूप असतं, म्हणून ॲनिमिया असलेल्या बाईला द्यावा असं सगळे सांगतात. मग ब्रॉयलरला लोह जास्त दिलं तर त्याचं मटण पण तसंच पौष्टिक होईल का? (वाचक, धुळे)

दोन्ही नाही. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पक्षी चांगला आहे, चरबी कमी, चव वेगळी, त्यावर वाद नाही. पण त्याचा काळा रंग मेलॅनिनचा आहे, आपल्या केसात असतं तेच. चीनची सिल्की आणि इंडोनेशियाची अयाम चेमानी यांच्यात पण तोच जनुकातला बदल आहे म्हणून त्या आतून काळ्या. लोहानं मांस लाल होतं, काळं होत नाही.

ब्रॉयलरला जास्त लोह दिलं तर छातीच्या मांसात फारसं चढत नाही, जे साठतं ते मुख्यतः लिव्हरमध्ये, आणि उरलेलं सुटं लोह चरबी खवट करायला मदत करतं, म्हणजे उलट नुकसान. ॲनिमियाला कोंबडीतूनच लोह हवं असेल तर बाजारातली साधी कलेजी घ्या, छातीच्या मांसाच्या कित्येक पट लोह तिच्यात असतं आणि कडकनाथच्या भावापुढं ती फुकटच. बाई गरोदर असेल तर कलेजीत ए व्हिटॅमिन फार असतं, तेव्हा आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. आणि हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर गोळी लागतेच, कोंबडीवर भागत नाही.

प्रश्न: ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय की कोंबडीला आर्सेनिक आणि हार्मोन देऊन फुगवतात. आम्ही चिकन बंद केलंय. (वाचक, ठाणे)

आर्सेनिकची गोष्ट अमेरिकेतली आहे आणि खरी आहे. तिकडं रोक्सारसोन नावाचं आर्सेनिकचं औषध अनेक वर्षं फीडमध्ये चालायचं, कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीवर आणि वाढीसाठी, त्यानं मांस पण गुलाबी दिसायचं. लिव्हरमध्ये अकार्बनिक आर्सेनिक सापडलं तेव्हा २०११ मध्ये कंपनीनं तिथली विक्री थांबवली आणि पुढं या गटातली बाकीची औषधंही बंद झाली. व्हिडिओत तारीख कापलेली असते एवढंच.

हार्मोनचं तर हिशोबातच बसत नाही. वाढीचं हार्मोन हे प्रोटीन असतं, फीडमधून दिलं तर डाळीसारखं पचून जाईल, म्हणजे प्रत्येक पक्ष्याला पुन्हा पुन्हा टोचावं लागेल, आणि दहा हजारांच्या शेडमध्ये एक माणूस कामाला असतो. पक्षी वाढतो तो निवडक ब्रीडिंगनं आणि नेमक्या फीडनं. काळजीच करायची तर अँटिबायोटिकची करा, भारत सरकारनं २०१९ मध्ये कोलिस्टिन हे अँटिबायोटिक खाद्यात आणि जनावरांत वापरायला बंदी घातली ती उगाच नाही. चिकन पूर्ण शिजवा, कच्चं चिकन चिरलेल्या पाटावर तशीच कोशिंबीर चिरू नका.

प्रश्न: पाण्याच्या टाकीत मोरचूद टाकलं तर पक्षी तजेलदार राहतो म्हणतात, आमच्या गावात सगळेच टाकतात. चालतं का? (एक तरुण पोल्ट्रीधारक, सोलापूर जिल्हा)

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. कोंबडीला तांबं फीडच्या किलोमागे ८ मिलिग्रॅम पुरतं. फीडमधून १२५ ते २५० मिलिग्रॅमपर्यंत दिलं की आतड्यातले काही जंतू दबतात आणि वाढ थोडी बरी दिसते, तिथून ही रीत आली. युरोपात मात्र कोंबडीच्या फीडमध्ये तांब्याची मर्यादा किलोला २५ मिलिग्रॅमच आहे, माती खराब होते म्हणून. मोजून फीडमध्ये देणं वेगळं आणि टाकीत मूठभर खडे टाकणं वेगळं. जास्त झालं की पक्षी पाणी कमी पितो, तोंडात आणि पोटाच्या पेटीत चट्टे पडतात, विष्ठा काळी येते आणि फीडमधली चरबी पण लवकर खवट होते. पत्र्याची टाकी आणि पत्र्याचे ड्रिंकर असतील तर ते पण खातं.

घसा किंवा क्रॉपमध्ये (गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीत) बुरशी झालीय असं दवाखान्यात सांगितलं आणि डॉक्टरांनी मोजून डोस लिहून दिला तर तेवढे दिवस प्लॅस्टिकच्या टाकीतून द्या, नंतर टाकी धुवा. आणि तांबं भरपूर दिलेल्या शेडचं लिटर मेंढरांच्या तोंडाला लागू देऊ नका. मेंढीला तांबं अजिबात सोसत नाही, लिव्हरमध्ये साठत जातं आणि एक दिवस लाल लघवी होऊन मेंढरू पडतं. धनगराचा वाडा शेतावर बसवणार असाल तर लिटर आधी मातीत नांगरून टाका.